खरवड: साइड डिश होण्याआधीचा बटाटा



आमच्या घरी बासुंदी आटवायचं एक जाड बुडाचं पातेलं होतं. बासुंदी वाट्यांत जायची, वाट्या पाहुण्यांपुढे जायच्या, आणि रिकामं पातेलं आम्हा पोरांपुढे यायचं. सोबत एक शिंपली. बुडाला आणि कडेला चिकटलेला तो तांबूस, जरासा करपलेला थर खरवडून खायचा. चार पोरं, एक पातेलं, एकच शिंपली. भांडणं व्हायचीच. आजी म्हणायची, “बासुंदी पाहुण्यांची, खरवड घरच्यांची.”

आज ज्या पदार्थाची गोष्ट सांगणार आहे, त्याच्या नावाचा अर्थच मुळी ‘खरवड’ असा आहे. तुम्ही रील्सवर तो नक्की पाहिला असणार. पांढरं सिरॅमिकचं भांडं, त्यात बटाट्याच्या कागदासारख्या चकत्या एकावर एक रचलेल्या, दूध आणि क्रीम, वर सोनेरी कवच. चमचा आत गेला की कुरकुर असा आवाज, आणि खाली सगळं लोण्यासारखं मऊ. नाव: ग्रातँ दोफिन्वा. फ्रेंचमध्ये खरवडणे याला ‘ग्राते’ म्हणतात, त्यावरून ‘ग्रातँ’. भांड्याला चिकटून राहतं, खरवडून काढावं लागतं, ते ग्रातँ.

पार्टीच्या मेन्यूत याच्या आधी हमखास एक विशेषण येतं, ‘एलिगंट साइड डिश’. माझ्या डोक्यात घोळत राहिला तो हाच शब्द. खरवड एलिगंट कधी झाली? आणि बटाटा ‘साइड’ला कधी गेला? शोधायला लागले तर वाटेत एक मेजवानी लागली, एक दंगल लागली आणि एक दुष्काळ. शेवटी आपण हा पदार्थ घरी करणारही आहोत. पण आधी गोष्ट.

एक मेजवानी, एक दंगल

फ्रान्सच्या आग्नेय कोपऱ्यात, आल्प्सच्या कुशीत दोफिने नावाचा जुना प्रांत आहे. ग्रनोबल हे त्याचं मुख्य शहर. ‘दोफिन्वा’ म्हणजे दोफिनेचं. आपलं जसं कोल्हापुरी, वऱ्हाडी, तसं.

या पदार्थाची सगळ्यात जुनी नोंद १२ जुलै १७८८ ची सांगितली जाते. त्या दिवशी दोफिनेचे लेफ्टनंट जनरल, म्हणजे राजाच्या वतीने प्रांत सांभाळणारे ड्यूक द क्लेरमाँ-तॉनेर यांनी गाप या शहरातल्या नगर-अधिकाऱ्यांना मेजवानी दिली. ताटात ऑर्तोलाँ नावाचे चिमुकले पक्षी होते. दाणे चारचारून पुष्ट केलेले, अख्खे भाजलेले, हाडांसकट खायचे. आता फ्रान्समध्ये त्यांच्या शिकारीवर बंदी आहे, पण तेव्हा ती बड्या लोकांची चैन होती. आणि त्या पक्ष्यांच्या सोबतीला काय? बटाट्याचं ग्रातँ.

बस, एवढीच नोंद. कोणी केलं, कसं केलं, कुठल्या आचाऱ्याने कुणाकडून शिकलं, काही नाही. पण मंडळी, ती तारीख बघा. आणि आता तिथून बरोबर पाच आठवडे मागे चला.

७ जून १७८८. शनिवार, ग्रनोबलचा बाजाराचा दिवस. फ्रान्सची तिजोरी रिकामी झालेली. सोळाव्या लुईच्या मंत्र्यांना नवे कर हवे होते, आणि प्रांतोप्रांतीची उच्च न्यायालयं त्याला मंजुरी द्यायला तयार नव्हती. मग राजाने न्यायालयांचेच पंख छाटले. ग्रनोबलच्या न्यायाधीशांना हुकूम आला: शहर सोडा आणि आपापल्या जहागिरीवर जाऊन बसा.

आता तुम्ही म्हणाल, न्यायाधीश गेले तर बाजारातल्या भाजीवालीचं काय बिघडलं? पण त्या शहराचं पोटच न्यायालयावर चालायचं. वकील, कारकून, शिंपी, खाणावळवाले, त्यांना माल पुरवणारे, सगळे. बाजारात आलेल्या बायका पुढे झाल्या. शहराचे दरवाजे अडवले गेले. न्यायाधीशांना जाऊच द्यायचं नाही, असं ठरलं. सैनिक आले, तेव्हा लोक घरांच्या छपरांवर चढले, कौलं उचकटली आणि वरून फेकायला सुरुवात केली. फ्रेंच इतिहासात या दिवसाचं नावच ‘कौलांचा दिवस’ असं आहे. ग्रनोबलमध्येच जन्मलेला लेखक स्तांदाल तेव्हा पाच वर्षांचा होता. घराच्या खिडकीतून हा दंगा पाहिल्याची आठवण त्याने पुढे लिहून ठेवली.

आणि शहरात राजाचा प्रतिनिधी कोण होता? हेच आपले ड्यूक. जमाव त्यांच्या वाड्यात घुसला, सामानाची मोडतोड झाली, तळघरातली दारू फस्त झाली. शेवटी ड्यूकसाहेबांना माघार घ्यावी लागली आणि लोकांनी न्यायाधीशांना वाजतगाजत परत आणलं.

यानंतर पाच आठवड्यांनी गापची ती मेजवानी. म्हणजे ज्यांच्या घरात जमाव घुसला होता, तेच ड्यूक दुसऱ्या शहराच्या अधिकाऱ्यांना जेवू घालतायत. आणि त्या जेवणानंतर नऊच दिवसांनी, २१ जुलैला, ग्रनोबलजवळच्या विझिल इथे प्रांतातले सरदार, धर्मगुरू आणि सामान्य लोकांचे प्रतिनिधी एकत्र जमले. सगळ्या फ्रान्सची सभा बोलवा, अशी मागणी त्यांनी केली. फ्रेंच राज्यक्रांतीची सुरुवात बरेच जण इथूनच मोजतात.

आपल्या एलिगंट साइड डिशची पहिली नोंद नेमकी या दोन तारखांच्या मध्ये येते. एका बाजूला कौलं, दुसऱ्या बाजूला क्रांती, आणि मधे ताटात ग्रातँ.

चुकीच्या नावाचा कंद

पण ड्यूकच्या ताटात बटाटा होता, हीसुद्धा साधी गोष्ट नव्हती.

बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा. तिथले लोक सात-आठ हजार वर्षांपासून तो पिकवत आलेत. त्यांच्या केचुआ भाषेत त्याचं नाव ‘पापा’. मग ‘बटाटा’ कुठून आलं? तो कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो लोकांचा शब्द, आणि त्याचा अर्थ रताळं! स्पॅनिश लोकांना आधी रताळं भेटलं, नंतर बटाटा, आणि दोघांच्या नावांचा गोंधळ झाला तो कायमचाच. पोर्तुगीजांनी ‘बताता’ शब्द जहाजातून आपल्या किनाऱ्यावर आणला, म्हणून मराठीत, कोकणीत आणि गुजरातीत तो बटाटा. उत्तरेकडे मात्र आलू. म्हणजे आपण रोज ज्याला बटाटा म्हणतो, ते त्याच्या चुलत्याचंही नाव नाही. रताळं आणि बटाटा वनस्पतीशास्त्राच्या हिशेबाने वेगवेगळ्या कुळांतले.

युरोपात हा कंद सोळाव्या शतकात पोहोचला. स्पेनमधल्या सेव्हिल शहरात एका रुग्णालयाच्या १५७३ च्या हिशेबात बटाट्याच्या खरेदीची नोंद आहे. लक्षात घ्या, राजवाड्याच्या नाही, रुग्णालयाच्या. सुरुवातीपासून त्याची जागा ठरल्यासारखी होती: गरीब, आजारी, जनावरं.

फ्रान्समध्ये तर नाकं फारच मुरडली गेली. जमिनीखाली वाढतो, वरून ओबडधोबड, बायबलमध्ये उल्लेख नाही. त्याने महारोग होतो अशीही समजूत होती. डुकरांना घाला, फार तर. दिदेरोच्या प्रसिद्ध विश्वकोशात १७६५ साली बटाट्यावर लेख आला. ज्ञानाचा प्रकाश पसरवायला निघालेला ग्रंथ हा. त्यातसुद्धा सूर असा की कसाही शिजवा, हे बेचव आणि पिठूळच लागतं. पोटात वारा धरतो, हे खरं, पण शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या दणकट पोटांना त्याचं काय!

हा सूर आपल्याला ओळखीचा नाही का? त्यांना चालतं, त्यांना सवय असते. दुसऱ्याच्या पोटाबद्दल असं बोलणं फार सोपं असतं.

याच फ्रान्समध्ये एक माणूस मात्र बटाट्याच्या मागे हात धुऊन लागला. आंत्वान पार्मांतिए, सैन्यातला औषधनिर्माता. सात वर्षांच्या युद्धात प्रशियाच्या सैन्याने त्याला पकडलं, आणि कैदेत त्याला बटाटेच खावे लागले. प्रशियाच्या राजाने, फ्रेडरिकने, १७५६ सालीच बटाटा लावण्याचा हुकूम काढलेला होता. पार्मांतिएने पाहिलं की बटाटे खाऊन आपल्याला काहीही झालं नाही, उलट तब्येत ठणठणीत. सुटून आल्यावर तो कामाला लागला. १७७१ साली बझाँसों शहराच्या अकादमीने एक स्पर्धा ठेवली. विषय होता, टंचाईच्या काळात माणसाने धान्याऐवजी काय खावं? पार्मांतिएच्या बटाट्यावरच्या निबंधाला बक्षीस मिळालं.

त्याची सगळ्यात गाजलेली गोष्ट पॅरिसजवळच्या साब्लाँच्या माळरानाची. राजाने दिलेल्या त्या पडीक जमिनीवर त्याने बटाटे लावले आणि दिवसा शिपायांचा पहारा बसवला. रात्री पहारा मुद्दाम काढून घ्यायचा. लोकांना वाटलं, ज्याला पहारा लागतो ते काहीतरी मौल्यवान असणार, आणि त्यांनी बटाटे चोरून आपल्या वाफ्यात लावले. गोष्टीला तिखटमीठ लागलं असणारच. पण ती टिकली, कारण त्यात माणसाचा एक खरा स्वभाव आहे. ‘हे गरिबांसाठी चांगलं’ असं सांगितलं की गरीबही ते खात नाही. त्याच्याभोवती कुंपण घातलं की मात्र सगळ्यांना हवंसं वाटतं.

दोफिनेची गोष्ट यापेक्षा जरा वेगळी. तिथे बटाटा बराच आधी आला असावा. ऑलिव्हिए द सेर या कृषितज्ज्ञाने १६०० साली ‘कार्तूफ्ल’ नावाच्या एका कंदाबद्दल लिहिलं, की तो नुकताच स्वित्झर्लंडहून दोफिनेत आलाय. बरेच अभ्यासक तो कंद म्हणजे बटाटाच मानतात. आणि डोंगराच्या बाजूने विचार केला तर सगळं जुळतं. उंचावर गहू नीट पिकत नाही, बटाटा पिकतो. गवत भरपूर, म्हणून गाई, म्हणून दूध आणि साय. बटाटा, दूध, मीठ आणि मंद आच. याला राजाच्या आचाऱ्याची गरज नाही. डोंगरातल्या कुठल्याही बाईला हे सुचेल. मला विचाराल तर ड्यूकच्या ताटात आलं ते हेच, डोंगरातल्या कुणाच्या तरी घरातली खरवड.

ताटात दुसरं काही नसतं तेव्हा

परत एकदा १२ जुलै १७८८ वर येऊ. मेजवानी झाली. दुसऱ्याच दिवशी, १३ जुलैला, उत्तर फ्रान्समध्ये प्रचंड गारपीट झाली. गाप तिथून खूप दूर, तिथे कदाचित आभाळ निरभ्रही असेल. पण पॅरिसच्या भोवतालची गव्हाची उभी शेतं आडवी झाली. पीक आधीच बेताचं होतं, त्यात हे. पाठोपाठ कडाक्याचा हिवाळा आला. १७८९ च्या वसंतात पावाचे भाव इतके चढले की मजुराच्या कमाईचा अर्ध्याहून जास्त भाग नुसत्या पावात जायचा. त्या जुलैत बास्तीय पडलं, हे तुम्ही शाळेत शिकलात. ऑक्टोबरमध्ये बाजारातल्या बायका पाव मागत व्हर्सायवर चालून गेल्या, हेही शिकला असाल.

क्रांतीच्या सरकारला बटाट्याचं महत्त्व लगेच कळलं. राजाच्या तुइलरी बागेत, फुलांच्या जागी, बटाटे लावले गेले. १७९५ च्या सुमारास मादाम मेरिगो यांचं ‘प्रजासत्ताकाची स्वयंपाकीण’ अशा अर्थाचं एक छोटं पुस्तक आलं. त्यात सगळे पदार्थ बटाट्याचे. जो कंद काल डुकरांचा होता, तो आता नागरिकाचा झाला.

इथे थांबून ‘साइड डिश’ या शब्दाकडे बघू. साइड डिश म्हणजे आपलं तोंडीलावणं. तोंडी लावायला आधी ताटात काहीतरी मुख्य लागतं. ड्यूकच्या ताटात पक्षी होते, म्हणून बटाटा बाजूला बसला. पण पुढच्या शंभर वर्षांत युरोपातल्या लाखो लोकांच्या ताटात बटाट्याच्या बाजूला काहीच नव्हतं.

आयर्लंड घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथला कष्टकरी पुरुष दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खायचा. होय, दिवसाला. सोबत मिळालं तर ताक. बाकी काही नाही. जमीन इंग्रज जमीनदारांची, त्यावरचा गहू आणि जनावरं खंड भरायला आणि विकायला. कुळाच्या वाट्याला उरलेल्या तुकड्यावर बटाटा सोडून दुसरं कुठलंच पीक घरभर माणसांना पुरत नव्हतं. तिथे एक कडवट विनोद होता, ‘बटाटा आणि बोट’ अशा अर्थाचा. घरात खारवलेल्या मांसाचा किंवा माशाचा एखादाच तुकडा छताला टांगलेला असायचा. बटाटा हातात घ्यायचा, त्या तुकड्याच्या दिशेने दाखवायचा आणि खायचा. तोंडी लावणं झालं!

१८४५ साली करपा आला. पानं काळी पडली, जमिनीतले बटाटे सडून चिखल झाले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि रोगराईने गेली, आणि दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली. त्याच काळात आयर्लंडच्या बंदरांतून धान्य आणि जनावरं इंग्लंडला जात होती. म्हणजे देशात अन्न होतं. ते विकत घ्यायला गरिबाकडे पैसा नव्हता.

मी हा दुष्काळ या भागात का आणला? एका पार्टीच्या पदार्थाच्या गोष्टीत? कारण दोन्हीकडे कंद तोच आहे. जो बाजूला असतो तेव्हा शोभा देतो, आणि एकटाच असतो तेव्हा जीव टांगणीला लावतो. फरक बटाट्यात नाही, बाकीच्या ताटात आहे.

खरवड वर येते

आता पॅरिस. आयर्लंडच्या दुष्काळानंतर जेमतेम वीस वर्षांनी, तिसऱ्या नेपोलियनच्या काळात, पॅरिसमधली रेस्तराँ जगभर गाजत होती. त्यातलं एक ‘काफे आंग्ले’. तिथला मुख्य आचारी अदोल्फ द्युग्लेरे. ‘पॉम आना’ हा पदार्थ त्याचाच मानतात. बटाट्याच्या पातळ चकत्या, भरपूर लोणी, तांब्याच्या भांड्यात दोन्ही बाजूंनी सोनेरी भाजलेल्या, केकसारख्या उलट्या काढलेल्या. नाव त्या काळातल्या एका प्रसिद्ध गणिकेवरून पडलं असं सांगतात. बटाटा आता पुरता दरबारी झाला होता.

आणि याच शतकात फ्रेंच भाषेत एक गंमत झाली. ‘ग्रातँ’ म्हणजे भांड्याला चिकटलेली खरवड, बरोबर? ती खरवड कुरकुरीत, चविष्ट, वरचा थर. त्यावरून उच्चभ्रू समाजालाच ‘ल ग्रातँ’ म्हणायला लागले! आपण ‘क्रीमी लेयर’ म्हणतो ना, तसं. बुडाशी चिकटलेल्या गोष्टीचं नाव समाजाच्या सगळ्यात वरच्या लोकांना मिळालं. शिंपली घेऊन भांडणाऱ्या आम्हा पोरांना हे कळलं असतं तर!

१९०३ मध्ये ऑग्युस्त एस्कॉफिए या आचाऱ्याचा मोठा पाककलेचा ग्रंथ आला. त्यात ग्रातँ दोफिन्वाची कृती आहे, आणि तिच्यात अंडं आहे, किसलेलं चीज आहे. दोफिनेचे कट्टर लोक यावर आजही नाराज असतात. चीज घातलं की ते आमचं नव्हे, म्हणतात. बटाटा, दूध, साय, लसूण, मीठ, जायफळ, संपलं. मिसळीवरून पुणे-कोल्हापूर-नाशिकमध्ये होतं, तेच.

आता घरी करू

मी दोफिनेवाल्यांच्या बाजूची आहे, म्हणून बिनचीजचं सांगते. चार-पाच जणांना तोंडीलावणं म्हणून पुरेल. एकट्याने जेवण म्हणून खाल्लंत तरी मी काही बोलणार नाही.

एक किलो बटाटे. फार पिठूळ नकोत, उकडल्यावर फुटतात तसले. मध्यम, घट्ट, पातळ सालीचे बघा. धुऊन सोला, आणि मग चकत्या करा, दोन ते तीन मिलिमीटर जाडीच्या. वेफर्सच्या किसणीची जाड बाजू वापरली तर काम पटकन होतं, फक्त बोटं सांभाळा. आता एक महत्त्वाची गोष्ट: चकत्या केल्यावर पाण्यात टाकायच्या नाहीत. भजीसाठी आपण टाकतो, त्याच सवयीने हात जातो. इथे नाही. चकत्यांवर जो चिकट स्टार्च आहे, तोच दूध दाट करणार आहे. तो धुऊन टाकलात की खाली पाणचट दूध आणि वर सुटे बटाटे.

अर्धा लिटर फुल क्रीम दूध आणि पाव लिटर फ्रेश क्रीम जाड बुडाच्या भांड्यात एकत्र करा. क्रीम नसेल तर घरची ताजी साय फेटून घ्या, पण आंबट झालेली नको, दूध फाटेल. सव्वा चमचा मीठ, थोडी मिरपूड, आणि जायफळ किसून, चिमूटभरच. आपण ते बासुंदीत आणि पुरणात घालतो, त्यामुळे वास आला की मला सणच आठवतो. यात चकत्या घाला आणि मंद आचेवर आठ-दहा मिनिटं, हलक्या हाताने ढवळत, शिजवा. दूध दाट व्हायला लागलं की थांबा. बटाटे अजून कच्चट असतील, तसेच हवेत.

बेकिंगच्या उथळ भांड्याला आतून लसणाची अर्धी कापलेली पाकळी चोळा, मग लोणी लावा. मिश्रण ओता, वरच्या चकत्या जरा नीट लावा, लोण्याचे बारीक तुकडे पसरा. ओव्हन १६० अंशांवर आधी तापवलेला. एक तास. सुरी आरपार अडथळ्याशिवाय गेली आणि वर सोनेरी-तांबूस कवच आलं की झालं. वरचा रंग आला नाही तर शेवटची पाच मिनिटं आच वाढवा. आणि बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. फोटो काढा तोवर. या वेळात दूध बटाट्यात मुरतं आणि थर धरून बसतात.

ओव्हन नाही? काळजी नको. जुन्या फ्रेंच स्वयंपाकघरांतही ओव्हन सगळीकडे नसायचा. ते भांडं चुलीवर ठेवून, वर धातूचं झाकण आणि झाकणावर निखारे ठेवायचे. आपल्याकडे कोकणात भानोलं आणि गोव्यात बेबिंका अशाच ‘खाली-वर आचे’वर व्हायची. फ्लॅटमध्ये निखारे कुठून आणणार, म्हणून जाड बुडाची कढई घ्या, खाली तवा, वर घट्ट झाकण, अगदी मंद गॅस, पाऊण तास. वर कवच येणार नाही. पण बुडाला येईल. ते खरवडून काढावं लागेल. म्हणजे शब्दाच्या मूळ अर्थाने तेच खरं ग्रातँ!

जाता जाता

पॅरिसमध्ये पेर लाशेझ नावाची मोठी दफनभूमी आहे. तिथे पार्मांतिएची कबर आहे. मोठमोठ्या कलावंतांच्या कबरींवर लोक फुलं ठेवतात. पार्मांतिएच्या कबरीवर बटाटे ठेवतात.

मला हे फार आवडतं. पण अँडीजमध्ये हजारो वर्षं रानटी, विषारी कंदातून खाण्याजोगा बटाटा घडवणाऱ्या बायका-पुरुषांची कबर कुठे आहे? दोफिनेच्या डोंगरात पहिल्यांदा दुधात बटाटा सोडणाऱ्या बाईची? ड्यूकचं नाव राहिलं, तारीख राहिली, सोबत कुठले पक्षी होते तेही राहिलं. करणारीचं नाव नाही राहिलं.

आजीचं ते वाक्य मी आता वेगळं ऐकते. बासुंदी पाहुण्यांची, खरवड घरच्यांची. तिच्या स्वतःच्या वाट्याला काय यायचं, हे आम्ही चौघांपैकी कुणी कधी विचारलं नाही. मागच्या रविवारी मी हे ग्रातँ केलं, आणि पहिला चमचा आईच्या ताटात वाढला, कडेचा, जिथे सगळ्यात जास्त खरवड होती. ती म्हणाली, “अगं, हा तर पोरांचा भाग.” मी म्हटलं, आज तुझा.

तर मंडळी, करून बघा. आणि तुमच्या घरी खरवडीला काय म्हणतात आणि ती कुणाच्या वाट्याला येते, हे घरात विचारून बघा. उत्तरात एखादी गोष्ट नक्की निघेल.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि जेवत राहा!